एका नांवाचीं चार एंजिनें

मोटारींच्या जाहिराती वाचणारांस एक गोष्ट चांगलीच परिचयाची असते. गाडीचें नांव एक, बाह्यांगहि बहुतेक तेंच; परंतु खालच्या प्रतींत साधें एंजिन आणि वरच्या प्रतींत अधिक अश्वशक्तीचें. वेगासाठींच घेतल्या जाणाऱ्या शौकिनी गाड्यांत तर ह्या एका आंकड्यावर किंमत व प्रतिष्ठा दोन्ही ठरतात. जो अधिक मोल देईल त्यास अधिक शक्ति, हा तेथला सरळ हिशेब. अहमदनगरच्या (२०२४ पासून अहिल्यानगरच्या) रणगाडा-संग्रहालयांत फिरतांना हा हिशेब किती अपुरा आहे, हें आमच्या ध्यानांत आलें.

येथें १९४८ सालीं चिलखती दलाचें केंद्र व विद्यालय स्थापन झालें आणि १९९४ सालीं हें संग्रहालय उघडलें. येणारीं मुलें तोफेची नळी पाहतात. आमचें लक्ष मात्र पाठीमागच्या जाळीखालीं दडलेल्या एंजिनाकडे जातें.

अमेरिकेच्या शर्मन रणगाड्याचेंच पाहा. १९४२ ते १९४५ ह्या काळांत असे सुमारें ४९,००० रणगाडे तयार झाले. नांव एक, पण एंजिनें मुख्यतः चार प्रकारचीं. पहिल्या प्रतींत ९ सिलिंडरांचें, वाऱ्यानें थंड होणारें विमानी एंजिन होतें. तें विमानांनाहि हवें असल्यानें पुरवठा अपुरा पडूं लागला. तेव्हां जनरल मोटर्सचीं दोन डीझेल एंजिनें जोडून दुसरी प्रत निघाली. फोर्डनें ८ सिलिंडरांचें, ५०० अश्वशक्तीचें पेट्रोल-एंजिन दिलें. आणि क्रायस्लरच्या मंडळींनीं तर मोटारीचीं ५ एंजिनें एकत्र बांधून ३० सिलिंडरांचा अवाढव्य संसार थाटला! तो आंत मावेना, म्हणून रणगाड्याचें धूड सुमारें २८ सेंटिमीटर लांबवावें लागलें. (पांचवाहि एक प्रयोग झाला, पण तो ७५ गाड्यांवरच थांबला.)

ह्या प्रतींची वांटणी कशी झाली, तें पाहण्याजोगें आहे. फोर्डचें एंजिन अमेरिकन सैन्यानें मुख्यतः आपल्याकडे ठेवलें. डीझेलचे बरेच रणगाडे रशियास गेले. तीस सिलिंडरांचा गुंता अमेरिकन लष्करास समुद्रापलीकडील लढायांसाठीं नको होता. ते साडेसात हजार रणगाडे बहुतांशीं इंग्रजांच्या पदरीं पडले, आणि इंग्रजांच्या हातून आमच्या रिसाल्यांच्या. येथें प्रत निवडणारा गिऱ्हाईक नव्हता. जें आलें तें चालवावयाचें होतें. प्रोबिन्स हॉर्स व डेक्कन हॉर्स यांनीं तें चालविलें, आणि १९४५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें ब्रह्मदेशांतील मेइक्टिलापर्यंत नेलें. नीट निगा राखल्यास तें नाकारलेलें एंजिन भरंवशाचें ठरतें, असाच इंग्रजांनाहि अनुभव आला.

पुढें १९६५ च्या सप्टेंबरांत पंजाबांत खेमकरणजवळ असल उत्तर येथें हाच डेक्कन हॉर्स रिसाला पुन्हां शर्मन घेऊन उभा होता. समोर पाकिस्तानचे पॅटन, सुमारें ८०० अश्वशक्तीचे. आमच्या बाजूचा भारी रणगाडा सेंच्युरियन. त्याचें मीटिऑर एंजिन ६५० अश्वशक्तीचें. स्पिटफायर विमानाच्या मर्लिन एंजिनाचाच तो भूचर अवतार. वेगांत पॅटन सरस, यांत शंका नाहीं. परंतु पाणी सोडलेल्या शेतांत आणि उंच वाढलेल्या उसांत तो वेग काय कामाचा? चिखलांत रुतलेले व हातीं लागलेले पॅटन नंतर भिखीविंड येथें रांगेनें मांडले गेले, आणि लोकांनीं त्या जागेस ‘पॅटन नगर’ असें नांव दिलें.

पॅटनच्या घराण्यांतहि प्रती होत्याच. एम ४८ च्या ‘ए २’ प्रतीचें पेट्रोल-एंजिन ८२५ अश्वशक्तीचें होतें. एका भरण्यांत ती सुमारें २६० किलोमीटर जाई. त्यापुढच्या ‘ए ३’ प्रतींत डीझेल-एंजिन आलें. त्याची शक्ति ७५०, पण मजल सुमारें ४८० किलोमीटर, आणि गोळा लागतांच पेट्रोलचा भडका होण्याचें भयहि उणें झालें. अश्वशक्ति पाऊणशेंनीं घटली, तरी अमेरिकन सैन्यानें वरची प्रत मानली ती हीच.