रशियांतील जकातदिन

रशियांत २५ ऑक्टोबर हा दिवस जकातखात्यांतील अंमलदारांच्या गौरवार्थ पाळतात. हा दिन १९९५ सालीं ठरला. त्याचें मूळ झार अलेक्सेय मिखाइलोविच याच्या १६५३ सालच्या जकातीच्या कानूजाबत्यांत दाखवितात. मूळची तारीख जुन्या कालगणनेची असून नव्या गणनेनें ती ४ नोव्हेंबर येते. परंतु तारखेहून महत्त्वाचा असा एक मुद्दा आम्हांस येथें मांडावयाचा आहे.

व्यापाऱ्यांनीं अर्ज केल्यावरून निघालेल्या या कानूजाबत्यानें बहुतेक किरकोळ पट्ट्या मोडून रुबलामागें १० देंगा अशी एकच मुख्य जकात बसविली. रुबलाचे देंगा २००; अर्थात् दर शेंकडा ५ पडला. ही जकात वसूल कोण करी? पगारी अंमलदार नव्हेत. व्यापारी व नगरवासी यांतून निवडलेला ‘गोलोवा’ म्हणजे मुख्य, आणि क्रूसास ओठ लावून शपथ घेतलेले ‘त्सेलोवाल्निक’ हें काम विनावेतन करीत. वसुलांत तूट आल्यास ती त्यांजकडून भरून घेतली जाई.

तेव्हां ज्या दिवशीं आज पगारी सेवकांचा सन्मान होतो, त्याच्या मुळाशीं या बिनपगारी नगरजनांचे श्रम आहेत. त्या सन्मानांत त्यांचाहि वांटा असावा, असें आमचें मत आहे.