मूर्खापासून छानपर्यंत : अर्थाच्या इतिहासात शिरताना

चहा नाइस, हवा नाइस, शेजारीही नाइस. इंग्रजीत याहून गुळगुळीत विशेषण शोधून सापडायचे नाही. शब्दांच्या अर्थाचा इतिहास प्रथमच वाचणाऱ्यांनी याच शब्दापासून सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते. कारण सातशे वर्षांपूर्वी कुणाला नाइस म्हणणे ही शिवी होती.

लॅटिनमध्ये 'स्कीरे' म्हणजे जाणणे. 'सायन्स' त्याच कुळातला. त्याच्या मागे नकार लागून 'नेस्कियुस' झाला : अजाण. जुन्या फ्रेंचमधून हा शब्द 1300च्या सुमारास इंग्रजीत आला तो 'मूर्ख' या अर्थाने, आणि चौदाव्या शतकात चॉसरही तो तसाच वापरतो. पुढे तो छचोर, नखरेल, चोखंदळ, नाजूक, काटेकोर असा सरकत गेला. 'नाइस डिस्टिंक्शन' म्हणजे सूक्ष्म भेद, हा जुना प्रयोग आजही टिकून आहे. 'छान' हा अर्थ रुळला अठराव्या शतकात. जेन ऑस्टिनच्या 'नॉर्दँगर ॲबी'त हेन्री टिल्नी या शब्दाच्या सैल वापरावरून कॅथरीनची थट्टा करतो. म्हणजे 1817च्या अखेरीस ती कादंबरी बाहेर पडली तेव्हा तक्रार करण्याइतका हा अर्थ बोकाळला होता.

ही यादी पाठ केली की काम झाले, असे मात्र नाही. खरी गंमत दोन अर्थांच्या मधल्या जागेत आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या कितीतरी वाक्यांत लेखकाला नेमका कोणता अर्थ हवा होता, हे ठरवणे अवघड जाते. तिथे निर्णय लागत नाही म्हणून अभ्यासकाने खट्टू होऊ नये. लिहिणाऱ्याने 'चोखंदळ' म्हणून लिहिले, वाचणाऱ्याने 'चांगल्या अभिरुचीचा' म्हणून घेतले आणि दोघांचेही भागले, अशाच वाक्यांतून अर्थ पुढे सरकतो. मूळ धातू सापडला म्हणजे 'खरा' अर्थ सापडला, हा समज म्हणूनच मला घातक वाटतो.

शब्द नेहमी वरच चढतात असेही नाही. इंग्रजी 'सिली' एकेकाळी 'सुखी, धन्य' होता. त्याचा जर्मन भाऊ 'झेलिग' अजून तसाच आहे, इंग्रजीतला मात्र निरागस, मग दीनवाणा होत होत बावळट ठरला. याला अर्थापकर्ष म्हणतात, 'नाइस'च्या चढणीला अर्थोत्कर्ष. आपल्याकडे 'साहस' असाच चढला : धर्मशास्त्रात तो बळजोरीच्या गुन्ह्यांचा वर्ग होता, मराठीत ते कौतुकाचे धाडस झाले.

1884 ते 1928 या काळात भागाभागांनी निघालेला ऑक्सफर्डचा मोठा कोश अर्थांसोबत सालवार अवतरणेही देतो. तो उघडाल तेव्हा अर्थ झाकून आधी अवतरणे वाचा, तीही जुन्यापासून नव्याकडे. कोशकाराने जिथे अर्थाचा नवा आकडा टाकला आहे, त्याच्या अलीकडच्या दोन-तीन वाक्यांवर थोडे जास्त थांबा.