थिबा राजाच्या थोरल्या लेकीचा संसार

साल १९०५, उन्हाळा. मुंबईहून आलेली आगबोट रत्नागिरीसमोर खोल पाण्यात नांगर टाकते आणि तुम्ही बोचकं सांभाळत पडावात उतरता. रेल्वे इथे पोचायला अजून नव्वदहून जास्त वर्षं आहेत. पाऊस लागला की ही बोटही बंद. मांडवीच्या वाळूत पाय टेकतो, ओल्या जाळ्यांचा वास नाकात शिरतो. बाजार ओलांडून तुम्ही गावाबाहेरची वाट धरता. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, त्यांच्यावरून बाहेर आलेल्या हापूसच्या फांद्या, घोट्यापर्यंत तांबडी धूळ.

सरकारनं घेतलेल्या बंगल्यांच्या आवारात थिबा राहतो, ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी त्याला मंडालेच्या गादीवरून उतरवलं, आधी मद्रासला ठेवलं आणि पुढच्या वर्षी इथे आणलं. सोबत राणी सुपयालत, तिची बहीण असलेली धाकटी राणी आणि मुली. धाकटी राजकन्या तर रत्नागिरीतच जन्मली. राजाला परवानगीशिवाय बाहेर पडता येत नाही, परक्याला आत जाता येत नाही.

फाटकावरचा माणूस तुमच्यापुढे हात आडवा करतो. त्याच्याकडे नीट बघून घ्या. हा गोपाळ भाऊराव सावंत. नोकरी साधी: आत कोण गेलं, बाहेर कोण आलं, यावर नजर ठेवायची.

आत राजाची थोरली लेक आहे, म्यात फाया जी. मंडाले सुटलं तेव्हा पाच वर्षांची होती, आता पंचवीस. बाजारात ज्या बायका तुम्ही मागे टाकून आलात, त्यातल्या तिच्या वयाच्या कितीतरी जणींच्या लेकींसाठी आता स्थळं बघायला लागली असतील. हिचं मात्र लग्न झालेलं नाही. स्थळं आली नाहीत असं नाही. सरकारनं ब्रह्मदेशात शोध घेतला, नावं काढली. राजाला एकही पसंत पडलं नाही. राजकन्येला राजरक्ताचाच नवरा हवा. स्वतः थिबा आणि सुपयालत एकाच बापाची, मिंडोन राजाची, मुलं. त्या घराण्याची रीतच तशी. आणि तसं रक्त रत्नागिरीत कुठून आणायचं?

या बापाला मी नुसता हट्टी म्हणणार नाही. देश गेला, खजिना गेला, बरोबर आणलेले जडजवाहीर एकेक करून विकले जात होते. कुळ तेवढं उरलं होतं, ते त्यानं मुठीत घट्ट धरलं. पण त्या मुठीत मुलींची तारुण्यं होती. बाहेरचा एकही तरुण ज्या आवारात पाऊल टाकू शकत नव्हता, तिथे रोज दिसणारा पुरुष एकच प्रकारचा असणार: नोकर. सरकार आणि बाप, दोघांनी मिळून थोरलीपुढे फाटकावरचा माणूस तेवढा शिल्लक ठेवला होता.

पुढचं तुम्ही बघू नका. गडग्याच्या सावलीला बसा, पाणी प्या, त्या दोघांना तेवढा एकांत द्या.

वर्ष उलटून पुन्हा या. १९०६. घरात तान्हं मूल आहे, थोरलीची मुलगी. टुटू, पुढे गाव तिला बैसू म्हणेल. लग्नाचे ताशे वाजलेले नाहीत, पत्रिका जुळवलेली नाही, आणि गोपाळच्या घरी त्याची लग्नाची बायको आहे. तिलाही विसरू नका. या गोष्टीत राजकन्येचं दुःख सगळे सांगतात. त्या बाईचं कोणी सांगत नाही, आणि ते मला फार खुपतं.

आता भराभर पुढे चला. १९१०मध्ये टेकडीवर जांभ्याचा नवा राजवाडा उभा राहतो, चार वर्षांची टुटू आजीआजोबांबरोबर तिथे राहायला जाते. १९१२मध्ये धाकटी राणी जाते, १९१६च्या डिसेंबरात राजा. दुसऱ्याच वर्षी मधली राजकन्या राजाच्या पदरच्या माणसाशी लग्न करते, पुढे कालिम्पाँगला संसार मांडते.

१९१९मध्ये सुपयालत आणि मुलींना ब्रह्मदेशात परतायची मुभा मिळते. थोरलीही लेकीला घेऊन रंगूनला जाते. इथे मात्र थांबा. इतकी वर्षं ज्या देशासाठी आईबाप झुरले तो देश तिच्या पायाखाली आहे, सख्खी आई जवळ आहे. तरी ती थोड्याच काळात मुलीसह परत निघते, रत्नागिरीला, गोपाळ आहे त्या गावी. या वेळी तिच्या फाटकावर कोणी नाही, तिला आणणारं सरकार नाही. यांचं लग्न कधी झालं असं कोणी विचारलं, तर मी या परतीच्या प्रवासाकडे बोट दाखवीन.

संसार सुखाचा झाला असं मात्र म्हणवत नाही. सरकारी तनखा होता, तरी दिवस ओढगस्तीचे. १९४७मध्ये ती रत्नागिरीतच वारली.

टुटूला भेटा. आता ती शंकर पवारांची बायको आहे, घर मुलाबाळांनी भरलेलं. अंगणात ती शेणी थापते. दुपारी रंगीत कागद घेऊन बसते, पाकळ्या कापते, बोटांत दाबून त्यांना वळण देते, तारेला गुंडाळते, फूल बाजूला ठेवून दुसरं घेते. ही फुलं विकायची आहेत. आई मंडालेच्या राजवाड्यात जन्मली, आणि ही चारचौघींसारखी मराठी बोलणारी कोकणी बाई. २०००मध्ये ती गेली.

डिसेंबर २०१२मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन थिबाच्या समाधीपाशी आले होते. ज्या राजरक्तासाठी राजानं सगळी स्थळं परतवली, ते शोधायला त्यांना लांब जावं लागलं नसतं. ते याच गावात पवार आडनावानं नांदत होतं.