रुपयांचा तांब्या

बीडहून दक्षिणेकडे निघालेली सोलापूरची सडक बालाघाटाचा चढ चढून मांजरसुंब्यास पोचते, आणि तेथे पाटोद्याकडून केजकडे जाणारा रस्ता तिला छेद देतो. चार दिशांचे लोक या फाट्यावर चहापुरते थांबतात व आपापल्या वाटेने जातात. या गावी एका घरी आम्ही पाहुणे म्हणून गेलो असता घरच्या आजीबाईंनी चांदीच्या तांब्यातून पाणी पुढे केले. तांब्याची वाखाणणी करताच त्या म्हणाल्या, "सासूबाईंचा हाय. पंचवीस रुपयांचा." शेजारी बसलेली नात हसली आणि म्हणाली, "आजी, पंचवीस रुपयांत चांदीचा तांब्या कसा गं आला?" त्यावर आजीबाई उत्तरल्या, "अगं, किंमत नाही सांगत मी. पंचवीस रुपये आटवलेत त्यात. मोजून दिले व्हते सोनाराला."

नातीच्या कानावर पडला तो भाव. आजीबाईंच्या मनात होते ते वजन. या दोन अर्थांत केव्हा व कसे अंतर पडले, हाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

आपल्या भाषेत चांदीला रुपे म्हणतात, आणि रुपया हा शब्द त्याच कुळातला. इंग्रजी अमदानीत १८३५ साली जो एकछापी रुपया निघाला, त्याचे वजन नेमके एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम होते. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी होती. म्हणून रुपया हे नाणेही होते आणि तराजूतील वजनही होते. 'दहा रुपये भार' म्हटले की कोणास काही समजावून सांगावे लागत नसे.

बीड जिल्हा मात्र १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि तेथे चाले तो हाली सिक्का. त्याचे वजन ११.१८ ग्रॅमच्या आसपास, व हजारात ८१८ भाग चांदी. इंग्रजी कलदार सहा रुपयांस सात हाली रुपये असा हिशेब लोक करीत. तो पोकळ नव्हता. सात हाली रुपयांत जवळजवळ ६४ ग्रॅम शुद्ध चांदी भरते, आणि सहा कलदारांतही तेवढीच. म्हणून भांडे करावयाचे असले तर जाणता माणूस कलदार वेगळे काढून ठेवी.

हा प्रकार आपल्याच मुलखातला, असे मात्र समजू नये. अमेरिकेतही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हेच चाले. गिऱ्हाइकाने साठवलेली नाणी, त्यांत स्पेनची व मेक्सिकोची नाणीही असत, चांदीकाराकडे न्यावीत व त्याने ती आटवून चमचे घडवावेत. अशा भांड्यांस तेथे 'कॉइन सिल्व्हर', म्हणजे नाण्याची चांदी, असेच नाव पडले. अमेरिकन नाण्याचा कस १७९२ च्या कायद्याने हजारात सुमारे ८९२ होता. १८३७ साली तो ९०० झाला. चमच्याच्या दांड्यामागे चांदीकार आपले नाव ठोकी, आणि कित्येकदा 'कॉइन' हा शब्दही. पुढे ९२५ कसाच्या 'स्टर्लिंग' चांदीने त्यास मागे टाकले. आज तेथील संग्राहक हे पातळ, झिजलेले चमचे आवडीने जमवतात. कारण मागच्या नावावरून कारागीर, गाव व काळ हुडकता येतो, आणि पुढे कोरलेल्या आद्याक्षरांवरून घराणेही.

या दोन मुलखांची गाठ एकदा प्रत्यक्ष पडली. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात रुपयांची टंचाई झाली, तेव्हा अमेरिकेने १९१८ साली पिटमन कायदा करून आपल्या खजिन्यातील सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर आटवले. त्यांतली बहुतेक चांदी हिंदुस्थानसाठी विकली गेली, आणि तिचे रुपये झाले. तेव्हा पंचम जॉर्जच्या छापाचे त्या सुमाराचे रुपये आटवून केलेल्या एखाद्या तांब्यात अमेरिकन डॉलर दडलेला असणे मुळीच अशक्य नाही.

परंतु आपल्या कुणब्याने रुपये आटवले ते हौसेखातर थोडेच! कपिलधारेच्या यात्रेस येणाऱ्या वीरशैव भाविकाच्या गळ्यातील इष्टलिंगाची चांदीची डबी, लमाण तांड्यावरील बाईच्या गळ्यातील नाण्यांचा हार, आणि घरातला हा तांब्या, यांतील पहिली वस्तू श्रद्धेची व दुसरी अलंकाराची खरी. पण अडीअडचणीत तिन्ही घराची पेढीच होती. या पेढीचा एक नियम होता: रुपयाचा तांब्या होतो, तसा तांब्याचा पुन्हा रुपया झाला पाहिजे. १८९३ पर्यंत तो होतही असे. टांकसाळीत चांदी नेऊन द्यावी, शेकडा दोन टक्के शुल्क भरावे आणि रुपये पाडून घ्यावेत, अशी मुभा कायद्याने होती. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खनच्या घराघरांतली चांदी व्यापाऱ्यांच्या हातून मुंबईच्या टांकसाळीत गेली व तिचे रुपये झाले.

२६ जून १८९३ रोजी सरकारने टांकसाळीचे हे दार लोकांस बंद केले. चांदीचा भाव जगभर कोसळत होता, आणि विलायतेस सोन्यात द्यावयाची देणी सरकारास जड जात होती. रुपयाचे मोल आता चांदीपासून तोडून वर धरले गेले. सहा वर्षांनी, १८९९-१९०० साली, पुन्हा भीषण दुष्काळ पडला. तेव्हा सोळा आण्यांच्या रुपयात चांदी उरली होती सुमारे दहा आण्यांची. ज्याने पंचवीस कलदार आटवून तांब्या केला होता, त्यास तो मोडताना जेमतेम सोळा रुपये पदरी पडावेत, असा हा हिशेब. दागिना चोरीस गेला नव्हता, तांब्या फुटला नव्हता. तरी पेढीतले नऊ रुपये नाहीसे झाले होते, आणि ते का गेले हे त्यास सांगावयास कोणी आले नव्हते.

पुढे १९४० साली रुपयातील चांदी निम्म्यावर आली, जुने रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून काढून घेण्यात आले, आणि १९४७ साली निकेलचा रुपया आला. तेथे रुपे आणि रुपया यांचे नाते संपले. नात हसली त्यात तिचा दोष नाही.

बोस्टन शहरात पॉल रिव्हिअर या चांदीकाराने १७६८ साली घडवलेला एक वाडगा आहे. १९४९ साली लोकवर्गणी काढून तो तेथील संग्रहालयासाठी घेण्यात आला, आणि त्या वर्गणीत शाळकरी मुलांचे पैसेही होते. आमच्या गावोगावच्या सोनारांनी भांड्यावर नाव ठोकले नाही. त्यामुळे आपल्या तांब्याचा इतिहास त्याच्या बुडाशी कोरलेला नसतो. तो आजीबाईंच्या तोंडी असतो. चांदीचा भाव चढला की असे तांबे मुशीत जातात. गरज असेल तर जावेत. ते त्यासाठीच तर केलेले होते. परंतु मोडीत घालण्यापूर्वी त्याचे वजन करावे, कोणी, केव्हा, किती रुपये आटवून केला हे वहीत टिपून ठेवावे, एवढे तरी आपल्या हाती आहे.

त्या दिवशी नातीने स्वयंपाकघरातला काटा आणला आणि तांब्या त्यावर ठेवला. पंचवीस रुपयांचे वजन होते २९१ ग्रॅमच्या थोडे वर. काट्याने दाखवले २८८. आटवणीतली घट आणि इतक्या वर्षांची घासणी धरली तर फरक काहीच नव्हे. वजन जुळले म्हणून कसही जुळला असे होत नाही, तो कसोटीवरच कळावयाचा. पण ज्या सोनाराचे नाव आता कोणासही आठवत नाही, त्याची सही आम्हांस त्या आकड्यात दिसली. नातीने वही काढली आणि आजीबाईंना विचारले, "सासूबाईंचं लग्न कोणत्या साली झालं गं?"