बैरंग पत्रांचा जमाना

लहानपणी आमच्या घरी वर्षातून एखादे तरी पत्र तिकीट न लावता यायचे. पोस्टमन दारातूनच हाक द्यायचा, "नॉटपेड आहे, पैसे द्या." अब्बा आधी पाकिटावरचे अक्षर पाहायचे. मामूंचे अक्षर असले तर कुरकुरत का होईना, खिशात हात घालायचे. अक्षर अनोळखी असले तर पत्र न फोडता परत करायचे.

अशा पत्राला उर्दूत 'बैरंग खत' म्हणतात. हा शब्द धड्यात आला की वर्गातली मुले हमखास विचारतात, "सर, यात रंगाचा काय संबंध?" काहीच नाही. इंग्रजी टपालखात्यातल्या 'बेअरिंग' या शब्दाचे ते आपल्या जिभेवर रुळलेले रूप आहे. ज्याचा खर्च घेणाऱ्याने सोसायचा, ते बैरंग.

हा जुना शब्द आज आठवला तो मेलबॉक्स उघडताना. कर्ज मंजूर झाले आहे, लॉटरी लागली आहे, टकलावर केस उगवतील, घरबसल्या लाखो कमवा. या मेलला आपण रद्दी म्हणतो, पण रद्दीला निदान किलोमागे भाव तरी मिळतो. माझ्या मते ही बैरंग पत्रे आहेत. खर्च आपण सोसतो, आणि परत करण्याचा जो हक्क अब्बांना होता, तो मात्र आपल्याला नाही. हे कसे घडले, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागेल.

इंग्लंडमध्ये १८४० पूर्वी पत्राचे पैसे बहुधा घेणाराच देत असे. रोलंड हिल यांच्या सुधारणेने एका पेनीचे तिकीट आले आणि पैसे आधी भरण्याची रीत पडली. आपल्याकडे १ ऑक्टोबर १८५४ पासून अर्ध्या आण्यात हलके पत्र देशभर कुठेही जाऊ लागले. तिकीट न लावलेल्या पत्राला घेणाऱ्याकडून दुप्पट आकार घेत. म्हणजे पाठवणाऱ्याने खर्च करावा, हा टपालाचा पाया ठरला. बैरंग हा अपवाद होता, आणि तोही नाकारता येत होता.

जाहिरातदारांनी प्रत्येक नवे साधन लगेच वापरून पाहिले. मे १८६४ मध्ये लंडनमधल्या काही राजकारणी मंडळींच्या घरी तारा आल्या. तार म्हटले की काळजात धस्स व्हायचे. उघडून पाहतात तो काय, गॅब्रिएल नावाच्या दंतवैद्यांचा दवाखाना ऑक्टोबरपर्यंत दहा ते पाच उघडा राहील, एवढीच बातमी! त्यांतल्या एकाने संतापून 'टाइम्स'ला पत्र लिहिले. पण तारेला पैसे पडत असल्यामुळे हा प्रकार फोफावला नाही.

आपल्याकडेही असे एक उदाहरण आहे. मदीनेच्या शेख अहमद यांच्या स्वप्नाचा 'वसीयतनामा' अनेक मुस्लिम घरांनी पाहिला आहे. इतक्या प्रती काढून वाटा, नाही तर संकट येईल, असा त्यात दम असे. अनेक आलिमांनी तो बनावट ठरवला, तरी तो फिरतच राहिला. हिंदू शेजाऱ्यांकडे संतोषी मातेच्या नावाची तशीच कार्डे येत. पण त्या पत्रांनाही मर्यादा होती. हात दुखेपर्यंत लिहावे लागे आणि प्रत्येक कार्डाचे पैसे मोजावे लागत.

ही मर्यादा पहिल्यांदा तुटली ती ३ मे १९७८ रोजी. त्या वेळी इंटरनेट नव्हते. अमेरिकन संरक्षण खात्याच्या पैशावर चालणारे 'अर्पानेट' हे जाळे होते. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीच्या विक्री विभागातले गॅरी थुर्क यांनी नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण सुमारे ४०० जणांना एकाच संदेशातून पाठवले. पत्ते इतके झाले की जागेत मावेनात, काही मजकुरातच सांडले. सरकारी कामासाठीच्या जाळ्यावर धंदा केला म्हणून तक्रारी झाल्या आणि कंपनीला समज मिळाली. या संदेशामुळे १ कोटी डॉलरहून अधिक विक्री झाली, असे थुर्क पुढे सांगत असत.

त्यानंतरचे मोठे प्रकरण १२ एप्रिल १९९४ चे. अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यातल्या कँटर आणि सिगेल या वकील दांपत्याने 'ग्रीन कार्ड लॉटरी'ची जाहिरात 'यूजनेट'च्या ५,००० हून अधिक चर्चागटांत एका छोट्या प्रोग्रॅमच्या मदतीने टाकली. गट खगोलशास्त्राचा असो की पाककृतींचा, सगळीकडे तेच. वास्तविक त्या लॉटरीला अर्ज करायला वकिलाची गरजच नव्हती. लोक खवळले, दांपत्याने मात्र माफी मागण्याऐवजी याच मार्गाने पैसा कसा करावा यावर पुस्तक काढले. १९९७ मध्ये टेनेसी राज्यात कँटर यांची सनद रद्द झाली, त्यात या जाहिरातीचाही वाटा होता. पण तोवर वाट साऱ्यांना दिसली होती.

'स्पॅम' हे नावही याच काळात रुळले. मूळचा स्पॅम म्हणजे १९३७ मध्ये अमेरिकेत बाजारात आलेला डबाबंद डुकराच्या मांसाचा पदार्थ. १९७० मध्ये 'मॉन्टी पायथन' या ब्रिटिश विनोदी मंडळींनी एक प्रहसन केले. त्यातल्या खाणावळीत काहीही मागा, ताटात स्पॅम येतोच, आणि त्याच्या नावाच्या गजरात बोलणेही ऐकू येत नाही. एकूण काय, आपल्या मेलबॉक्समधला हा माल नावानेही हराम निघाला!

विनोद बाजूला ठेवतो, कारण या मालाची किंमत मी स्वतः मोजली आहे. २००३ मध्ये बी.एड. करून मी नोकरीच्या शोधात होतो. सोलापुरात विजापूर वेशीजवळच्या एका सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन मेल बघायचो, तेही आठवड्यातून एकदा. फुकटच्या मेलबॉक्सची जागा होती दोन मेगाबाइट. एका संस्थेने मुलाखतीचे पत्र मेलने पाठवले, पण डबा परदेशी औषधांच्या आणि स्वस्त कर्जांच्या जाहिरातींनी काठोकाठ भरला होता. पत्र परत गेले. महिन्याने संस्थेतल्या ओळखीच्या लिपिकाने सांगितले, "तुमची मेल परत आली हो, जागा भरली आता." ती जागा मला मिळालीच असती असे नाही. पण त्या वर्षी शिकवण्या घेऊन घर चालवताना, ज्याला मी कधी पाहिले नाही अशा माणसाच्या जाहिरातीचा खर्च मी कसा काय भरला, हा प्रश्न मनात रुतून बसला.

अर्थशास्त्राने त्याचे उत्तर पुढे दिले. २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी 'स्टॉर्म' नावाच्या जाळ्याचा एक भाग ताब्यात घेऊन २६ दिवस निरीक्षण केले. हे जाळे म्हणजे व्हायरस शिरलेले लोकांचे घरगुती संगणक. म्हणजे यंत्रही दुसऱ्याचे आणि वीजही दुसऱ्याची. औषधांच्या जाहिरातीच्या जवळपास ३५ कोटी मेल गेल्या. खरेदीच्या टप्प्यापर्यंत आले फक्त २८ जण. एकूण खरेदी झाली असती सुमारे २,७०० डॉलरची. तिकिटाला पैसे पडले असते तर हा धंदा पहिल्याच दिवशी बुडाला असता. पाठवणे जवळपास फुकट, म्हणूनच सव्वा कोटीत एक गिऱ्हाईकही पुरते.

जस्टिन राव आणि डेव्हिड रायली या अर्थतज्ज्ञांनी २०१२ मध्ये दोन्ही बाजूंचा हिशेब मांडला. अशा मेलमुळे अमेरिकेतल्या कंपन्या आणि ग्राहक यांना वर्षाला जवळपास २,००० कोटी डॉलरचा भुर्दंड पडतो, तर जगभरच्या पाठवणाऱ्यांची एकूण मिळकत सुमारे २० कोटी डॉलर. पाठवणाऱ्याला एक रुपया मिळावा म्हणून इतरांनी शंभर घालवायचे! चांगल्या जाहिरातीशी याची तुलना करून पाहा. वर्तमानपत्रातली जाहिरात नकोशी वाटली तरी तिच्या पैशामुळे अंक स्वस्तात मिळतो. म्हणजे जाहिरातदार आपले लक्ष विकत घेतो आणि काही तरी मोबदला देतो. रद्दी मेल तेच लक्ष चोरून घेते.

यावर उपाय झाले. २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांनी शब्दांच्या संभाव्यतेवरून मेल ओळखणारी गाळणी सुचवली. आज आपल्यापर्यंत पोहोचणारा कचरा कमी आहे तो अशाच गाळण्यांमुळे. पण गाळण्या चालवायचा खर्चही घेणाऱ्याच्याच बाजूला. पाठवणाऱ्याची कोंडी केली तिथे मात्र फरक लगेच दिसला. नोव्हेंबर २००८ मध्ये मॅककोलो ही सर्व्हर पुरवणारी एकच अमेरिकन कंपनी जाळ्यावरून तोडली, तर जगातली रद्दी मेल काही काळ निम्म्याहून खाली आली. २०११ च्या एका अभ्यासात दिसले की अशा जाहिरातींतून होणाऱ्या बहुतेक विक्रीचे पैसे मोजक्याच बँकांमधून वळते होतात. दुखरी नस तिथे आहे.

कायद्यांतही हाच फरक आहे. युरोपने २००२ मध्ये नियम केला की व्यक्तीला जाहिरात पाठवण्याआधी साधारणपणे तिची संमती हवी. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्याने आधी पाठवा, नको असेल तर तो कळवेल, अशी मुभा दिली. आपल्याकडे नकोशा फोन आणि एसएमएससाठी नोंदणीची सोय झाली. मेलचा उल्लेख होता तो माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ मध्ये. त्रास देणारी किंवा मूळ पाठवणारा लपवणारी मेल त्यात गुन्हा ठरली होती. पण ते कलम वापरले गेले ते कोणावर? २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिले म्हणून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले, आणि ते योग्यच झाले. मात्र सामान्य माणसाच्या मेलबॉक्सच्या नावाने केलेले हत्यार बोलणाऱ्यांवर चालले आणि धंदेवाईक सुटले, हेही विसरू नये.

आज माझ्या मेलबॉक्सला जागेची कमतरता नाही. २००४ मध्ये गुगलने एक गिगाबाइट फुकट दिले तेव्हा माझ्यासारख्यांना सुटल्यासारखे झाले. पण त्या फुकटाचाही हिशेब होता: २०१७ पर्यंत आपल्या पत्रांतला मजकूर यंत्राने वाचून त्याप्रमाणे जाहिराती दाखवल्या जात. दारातून हाकललेला जाहिरातदार घरमालक होऊन परत आला, असेच म्हणायचे.

म्हणून मुलांना 'बैरंग' शिकवताना मी आता अब्बांची गोष्ट सांगतो. फुकट आलेल्या प्रत्येक पत्राबद्दल विचारा, याचे पैसे कोण भरतो आहे? आणि परत करण्याचा हक्क मागत राहा. अब्बा फारसे शिकलेले नव्हते, पण अक्षर ओळखल्याशिवाय त्यांनी खिशात हात घातला नाही.