दोन पाण्यांचे महाड

कृष्णा आणि सावित्री या नद्या म्हणजे जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात शेजारी शेजारी पूजल्या जाणाऱ्या बहिणी. कृष्णा पूर्वेला वळली, तिला समुद्र गाठायला चौदाशे किलोमीटर चालावे लागते. सावित्री पश्चिमेचा कडा उतरते आणि शंभरेक किलोमीटरांत बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते.

आजी पोलादपूरची माहेरवाशीण. तिच्या मते पोलादपूरची सावित्री वेगळी आणि महाडची वेगळी. वरची धोंड्यांतून धावणारी. घाटात पाऊस झाला की फुगणार, थांबला की तासाभरात ओसरणार. खाली महाडला जमीन सपाट होते, रायगडाच्या बाजूने गांधारी आणि काळ येऊन मिळतात, आणि समुद्राची भरती खाडीतून थेट इथवर चढते. भरतीला नदीचे पाणी तुंबते, ओहोटीला सुटते.

महाड मोठे झाले ते या भरतीवर. गांधारपाल्याची बौद्ध लेणी ज्या खोऱ्याकडे तोंड करून आहेत, तीच व्यापाराची वाट. आजोबांच्या लहानपणी मीठ आणि सुकी मासळी घेऊन पडाव भरतीबरोबर वर येत आणि तांदूळ घेऊन ओहोटीबरोबर खाली जात. डिसेंबर १९२७मध्ये बाबासाहेब आंबेडकर सत्याग्रहींसह मुंबईहून आले तेही बोटीनेच. २५ तारखेला दासगाव बंदरात उतरून सारे महाडला चालत गेले, आणि त्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. आजोबांच्या वडिलांनी पाहिलेली ती मिरवणूक आमच्या घरात अनेकदा सांगितली गेली. पुढच्याच वर्षी सावित्रीवर दगडी पूल झाला. माल मोटारींवर चढला, बंदर ओस पडले, आणि गाव हळूहळू नदीकडे पाठ करून बसले.

नदीने मात्र भरतीशी नाते तोडले नव्हते. आषाढात पाणी चढू लागले की आजोबा पहिल्यांदा विचारत, "तिथी कोणती?" अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा डोंगराचे पाणी उतरायला वाट नाही. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री तो जुना पूल दोन एसटी गाड्यांसह वाहून गेला, तेव्हा आषाढी अमावास्या होती. २२ जुलै २०२१ला पौर्णिमा तोंडावर आली होती. महाबळेश्वरला एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला आणि महाडची बाजारपेठ बुडाली. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली.

पण आजोबांचा हिशेब सगळीकडे लागू पडत नाही. २६ जुलै २००५ला पौर्णिमा होऊन पाच दिवस उलटले होते, उधाण ओसरले होते. तरी शहर पाण्यात गेले. दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन इथे डोंगर घरांवर आले. डोंगरउतारावरून सुटलेली माती शेवटी नदीच्याच पात्रात येते. पात्र उथळ झाले की कमी पाणीही शहर बुडवायला पुरते, मग तिथी कोणतीही असो.

२०२१नंतर गाळ काढण्याचे काम सुरू झाले, ते हवेच होते. महाबळेश्वरच्या पावसाचा आकडा आता प्रत्येकाच्या मोबाईलवर येतो. त्याच्या शेजारी बाणकोटच्या भरतीची वेळही हवी. पाणी किती येणार ते पहिला आकडा सांगतो, निघणार केव्हा ते दुसरा.