सिंहगडाकडे तोंड करून

लोणावळ्यात, कार्ल्यात, भाज्यात एखाद्या जुन्या घराच्या पत्र्यावर अजूनही गंजक्या पाइपावर ॲल्युमिनियमचा सांगाडा दिसतो. एक आडवी दांडी आणि तिच्यावर ओळीनं बसवलेल्या काड्या. टीव्हीच्या या अँटेनाचं मूळ गाव जपानमधलं सेंदाई. तिथल्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा आणि त्यांचे प्राध्यापक हिदेत्सुगु यागी यांनी 1926 मध्ये हिची रचना मांडली. कष्ट बहुतेक उदांचे, पण जगात नाव चाललं ते यागींचं. हेच उदा 1950 च्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत काम करून गेले. भारतात दूरदर्शनचं पहिलं प्रक्षेपण झालं 15 सप्टेंबर 1959 रोजी, तेही दिल्लीतच.

रचना साधी आहे. सगळ्यात मागची लांब काडी लहरी परतवते. तिच्या पुढचा, टोकं वळवून जोडलेला भाग त्या पकडतो आणि चपट्या वायरीतून टीव्हीकडे धाडतो. त्यापुढच्या आखूड काड्या समोरून आलेल्या लहरींना वाट दाखवतात. पकडणारा भाग लहरीच्या साधारण निम्म्या लांबीचा लागतो. 200 मेगाहर्ट्झची लहर दीड मीटरची, म्हणून तो पाऊण मीटरचा. अशा अँटेनाला समोरचं नीट ऐकू येतं, बाजूचं आणि मागचं फारसं नाही. त्यामुळे तिचं तोंड कुठे करायचं, हा पहिला प्रश्न.

मुंबईत दूरदर्शनचं वरळीचं केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं. पुढच्या वर्षी पुण्यासाठी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभं राहिलं. सुमारे 1300 मीटर उंचीचा गड मनोऱ्यासाठी निवडला तो एकाच गुणासाठी, तिथून लांबवर नजर पोचते. टीव्हीच्या लहरीही साधारण नजरेच्याच वाटेनं जातात. लोणावळा तिथून हवाई अंतरानं जेमतेम पंचावन्न किलोमीटर. मधे काही नसतं तर चित्र आरशासारखं आलं असतं.

पण मधे मावळचे डोंगर आहेत. भाजे गावातून सिंहगडाची दिशा धरली की पहिल्या किलोमीटरातच विसापूरचा गड आडवा येतो. त्याच्यामागे तिकोन्याच्या, पवन मावळाच्या रांगा. कड्याच्या माथ्यावरून वाकून जेवढी लहर खाली उतरेल, तेवढीच पायथ्याच्या घरांच्या वाट्याला. म्हणून पाइप उंच करायचा, काड्या वाढवायच्या, बूस्टर लावायचा. लहर क्षीण असली की पडद्यावर मुंग्या, आणि डोंगरावर आपटून उशिरा पोचली की माणसाशेजारी त्याचीच फिकट सावली. खंडाळ्याच्या कड्यावर निराळीच सोय होती, तिथून कोकणाची बाजू उघडी, म्हणजे मुंबईकडे तोंड करून बघता येई. एक जण छपरावर पाइप फिरवतोय, दुसरा खिडकीतून ओरडतोय, ‘‘आलं, आलं... गेलं!’’ हा संवाद 1987 साली रामायण सुरू झालं तेव्हा दर रविवारी सकाळी किती घरांत झाला असेल!

मग ही अँटेना उतरली कशामुळे? केबल आली, हे अर्धं उत्तर. आपल्याकडे जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून टीव्ही दाखवायची मुभा फक्त दूरदर्शनला होती. खासगी वाहिन्या उपग्रहावरून आल्या, केबलनं घरात शिरल्या. अँटेनाच्या वाट्याला दूरदर्शनच्याच एकदोन वाहिन्या राहिल्या. अमेरिकेत, युरोपात मनोऱ्यांवर अनेक वाहिन्या होत्या. तिथे प्रक्षेपण डिजिटल झाल्यावरही छपरावरची अँटेना टिकली.

खरं तर अँटेनाला ॲनालॉग-डिजिटलशी देणंघेणं नसतं. तिला लहरीची लांबी कळते, लहरीत काय भरलंय ते नाही. दूरदर्शननं 2016 मध्ये सोळा शहरांत जमिनीवरून डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं. त्यात महाराष्ट्रातली दोन होती, मुंबई आणि औरंगाबाद. पुणे त्यात नव्हतं. 2022 पर्यंत देशातले जवळपास सगळे ॲनालॉग प्रक्षेपक बंद झाले.

फुकटचं दूरदर्शन मात्र बंद झालं नाही, त्यानं जागा बदलली. 2004 मध्ये सुरू झालेली उपग्रह सेवा आज फ्री डिश म्हणून ओळखली जाते. तिचा उपग्रह 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे. लोणावळ्यातून तो आग्नेयेला दिसतो, सिंहगड ज्या बाजूला आहे जवळपास त्याच बाजूला, पण क्षितिजापासून 58 अंश वर. म्हणजे छपरावरच्या यंत्राचं तोंड फारसं वळलंच नाही, फक्त वर झालं, आणि विसापूर मधून निघून गेला. भाज्याच्या घरालाही आता लोणावळ्याच्या बंगल्याइतकंच स्वच्छ चित्र मिळतं.

त्याची किंमत आषाढात चुकवावी लागते. मनोऱ्याच्या लहरी दीडेक मीटर लांबीच्या, त्यांना पावसाच्या थेंबांचं काही वाटत नसे. वाऱ्यानं पाइप फिरला नाही तर लोणावळ्याच्या धो-धो पावसातही बातम्या दिसत. डिशच्या लहरी अडीच-तीन सेंटिमीटरच्या, त्या थेंबांतच जिरतात. डोंगराची अडचण गेली, ढगाची आली. आणि डिजिटल चित्राला मुंग्याही येत नाहीत. ते एक तर पूर्ण दिसतं, नाहीतर पडदा काळा.